रुखियाने वाटून दिलेले दोन-दोन तास

आमच्या गावात ऐद्रू एकदा मेला होता. म्हणजे गावाच्या मते. खुद्द ऐद्रूला हे कळायला पाच दिवस लागले आणि त्याच्या बायकोला, रुखियाला, ते निस्तरायला सहा वर्षं.

ऐद्रू पोफळी चढायचा. एका झाडाची सुपारी उतरवली की खाली न येता शेंडा झुलवायचा आणि दुसरं झाड पकडायचा. असं जमणारा जिल्ह्यात मी शेवटचा, असं तो छातीवर हात मारून सांगतो. मला अजून दोघे माहीत आहेत, पण असो. सहा वर्षांपूर्वी एक शेंडा झुलण्याऐवजी मोडला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. दोन महिन्यांनी हॉस्पिटलने घरी पाठवताना रुखियाला सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. किती दिवस, ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं ती आता म्हणते. निदान शिव्या घालायला एक माणूस तरी ठरला असता.

घरी आल्यावर महिनाभरात लघवीच्या नळीपायी ऐद्रूला ताप भरला. चार दिवस डोळे उघडेना. तेव्हा आम्हाला निरोप आला. मी आमच्या पालिएटिव्हच्या गाडीवर चौदा वर्षं घरोघर जाते. सगळे मला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणतात. गाडीत एक नर्स, एक ड्रायव्हर आणि माझ्यासारखे एकदोन बिनपगारी. आमचं काम साधं आहे. जे दुखणं पूर्ण बरं होणार नाही, त्यातला त्रास कमी करायचा, जखम धुवायची, नळी बदलायची, आणि उशाशी बसलेल्या बाईला विचारायचं, काय गं, तू जेवलीस का? पण लोकांना वाटतं, ही गाडी म्हणजे यमाचा रेडा, फक्त चार चाकांचा. काही घरं सांगतात, गाडी मशिदीपाशी लावा आणि चालत या, शेजारी काय म्हणतील! मी तिथेच भांडते. दहा-दहा वर्षं ज्यांच्या घरी जातेय अशी माणसं मला माहीत आहेत. त्यांतला एक तर मागच्या वर्षी पंचायतीची निवडणूक लढवून हरला. मेलेला माणूस निवडणूक हरतो का?

त्या दिवशी मात्र आम्ही गाडी सरळ ऐद्रूच्या दारात लावली. आणि नेमका त्याच वेळी बापुट्टी तिथून गेला.

बापुट्टी मासे विकतो. मोपेडच्या मागे बर्फाची पेटी, पुढे भोंगा. भोंगा वाजला की बायका भांडी घेऊन कुंपणापाशी येतात. त्या सकाळी त्याने अर्धा किलो तारल्यांसोबत एक-एक बातमी फुकट दिली. "ऐद्रूच्या दारात पालिएटिव्हची गाडी आहे." बस्स. दुपारच्या नमाजापर्यंत ऐद्रूच्या अंगणात साठ माणसं, आणि ओसरीवर पाव, संत्री अन् हॉर्लिक्सच्या बाटल्यांचा ढीग. जो माणूस पाणीसुद्धा गिळत नव्हता त्याच्यासाठी अकरा बाटल्या हॉर्लिक्स!

आमच्याकडे रीत आहे. माणूस मरणाला टेकला की एकेकाने जवळ जायचं, हात हातात घ्यायचा आणि आपलं काही चुकलं असेल तर माफी मागून घ्यायची. पलीकडे गेल्यावर हिशेब नको. बहुतेक जण 'कळत-नकळत काही झालं असेल तर' एवढंच म्हणतात. शहाण्या माणसाने एवढंच म्हणावं. पण ऐद्रूचे डोळे मिटलेले, श्वास घरघरता. लोकांना वाटलं, आता कुठे हा कुणाला सांगायला जातोय! मग एकेकाने मन मोकळं केलं.

शेजारचा मोइदू शिंपी म्हणाला, "ऐद्रू, वीस वर्षांपूर्वी तुझी बकरी हरवली होती ना? ती हरवली नव्हती रे. आम्ही खाल्ली."

चामिकुट्टी सुतार म्हणाला, बांधाचा दगड आपण हातभर तुझ्या बाजूला सरकवला होता. ऐद्रूची थोरली बहीण पात्तुट्टी तर रडत-रडत बोलली, "अम्माला मीच सांगितलं होतं, ही रुखिया घरात नको, ही गाणारी पोर, घर टिकवायची नाही. माफ कर रे." त्या वेळी रुखिया तिच्या मागे चहाचा ट्रे धरून उभी होती. पात्तुट्टीने डोळे पुसले आणि चहा घेतला.

आणि सगळ्यात शेवटी आले अबूट्टी मास्तर. शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीत फुटबॉलचे रेफ्री. कापणी झालेल्या शेतात सात-सात जणांचे सामने व्हायचे. चौऱ्याण्णव सालच्या फायनलला ऐद्रू गोलरक्षक होता. मास्तरांनी शेवटच्या मिनिटाला त्याच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली आणि कप शेजारच्या गावाला गेला. मास्तर कानाशी वाकले आणि म्हणाले, "ऐद्रू, तो फाऊल पेनल्टीच्या रेषेबाहेर झाला होता. मला उन्हात दिसलंच नाही. कळलं तोवर शिट्टी वाजून गेली होती, मग मागे कसं यायचं?"

साठ माणसांचा चहा रुखियाने केला. "तू बस, मी करते," असं एकीनेही म्हटलं नाही. हे मी स्वतः पाहिलंय आणि अजून विसरले नाही.

पाचव्या दिवशी ऐद्रूचा ताप उतरला. आमच्या नर्सच्या, लिस्सी सिस्टरच्या, सलाइनने आणि गोळ्यांनी काम केलं. डोळे उघडल्यावर त्याने तारल्यांचं कालवण मागितलं. दोन घास खाल्ले, आणि बायकोला विचारलं, "अबूट्टी मास्तर म्हणाले ते तू ऐकलंस ना? बाहेर होता म्हणे. बाहेर! मी तेव्हापासून घसा फोडून सांगतोय."

त्याने सगळं ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर.

ही बातमीही बापुट्टीनेच पोहोचवली, पण या वेळी कुणी पाव-संत्री घेऊन आलं नाही. त्या दिवसापासून ऐद्रूच्या घरी लोकांचं येणं बंद झालं. मोइदूने स्वतःच्या घराचं पुढचं दार बंद करून मागच्याने जायला सुरुवात केली. चामिकुट्टी मशिदीच्या बाजूने अर्धा मैल वळसा घालू लागला. मोइदू मशिदीतल्या उस्तादांकडे जाऊन विचारून आला म्हणे, मरणाऱ्याकडे माफी मागितली आणि तो मेलाच नाही, तर माफी मिळाली की नाही मिळाली? उस्ताद म्हणाले, "ज्याच्याकडे मागितलीस त्यालाच जाऊन विचार." मोइदूने मग पुढच्या दाराला कुलूपच लावलं.

फक्त बापुट्टी यायचा, रुखियाला इत्ता, म्हणजे ताई, म्हणत. भोंग्यापायी हे सगळं झालं, म्हणून लाजेने आधी आठवड्याला एकदा आला, मग लिस्सी सिस्टरकडून नळी-पिशवीचं शिकला आणि आमच्या गाडीवरचा कार्यकर्ता झाला. त्याच्या हातांना माशांचा वास येतो म्हणून ऐद्रू कुरकुरतो आणि तोच वास आला की हसतो.

बाकी सहा वर्षं रुखिया एकटी. मुलगी दोहाला, वर्षातून एकदा येते. रुखिया घड्याळाकडे न बघता दोन तास ओळखायला लागली. भात शिजत असताना मध्येच उठायची, नवऱ्याला वळवायची आणि परत येऊन ढवळायची. मी विचारायचे, "तुला काय हवं?" ती म्हणायची, "चेच्ची, काही नको." चौदा वर्षांत मी एक शिकलेय. 'काही नको' म्हणणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त हवं असतं.

मग या वर्षी पोन्नानीहून पत्रिका आली. रुखियाच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं, षहनाचं, लग्न.

रुखिया ओप्पना गायची. नवरी मध्ये बसवायची, बायकांनी भोवती फेर धरायचा, टाळ्यांवर गाणं, आणि पहिली ओळ घेणारी एक. ती पहिली ओळ तिरूरपर्यंत रुखियाची असायची. तिला न्यायला लोक जीप पाठवायचे. षहना चार वर्षांची असताना तिच्या मांडीवर बसून म्हणाली होती, "मूत्तम्मा, माझ्या लग्नात तूच गायचं." मूत्तम्मा म्हणजे मोठी मावशी. पत्रिका हातात धरून रुखिया मला म्हणाली, "चेच्ची, मला जायचंय." आणि लगेच, "पण जाऊ दे."

"जाऊ दे कशाला?" माझा आवाज चढला. "मेंदी शनिवारी, लग्न रविवारी. शनिवारी सकाळी निघ, रविवारी दुपारी परत. आम्ही बघतो."

म्हणाले खरी, पण माणसं कुठे होती? रुखियाला सवयीने एकटीला जमतं, इतरांना वळवायला दोघं लागतात. बापुट्टी एक झाला. बाकीचे आमचे कार्यकर्ते त्या दोन दिवसांत कोळिक्कोडच्या शिबिराला. मी चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले.

"ऐद्रूकडे दोन तास बसायला कोण येतं?"

सगळ्यांनी एकदम चहात बघितलं.

"माझा गुडघा..." चामिकुट्टी म्हणाला.

"काल छपरावर चढताना कुठे होता गुडघा?"

"तेव्हापासूनच दुखतोय, चेच्ची."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. परत येताना बापुट्टी हळूच म्हणाला, "चेच्ची, आळस नाही हा. लाज आहे. त्यांना ऐद्रूचं तोंड बघवत नाही."

त्यात ऐद्रूही अडून बसलेला. "दुसऱ्या कुणाचा हात मला नको. तू जा. मी एक दिवस एका कुशीवर पडून राहीन."

"आणि आल्यावर मी तुमच्या पाठीतली भोकं मोजत बसू?" रुखिया म्हणाली.

"पण ती पिशवी, ते सगळं... गावाने बघायचं?"

रुखियाने हातातला टॉवेल आपटला. मी त्या वेळी दारातच होते. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी अख्खं गाव तुमच्यापुढे उघडं झालं की नाही? कुणी बकरीपायी, कुणी दगडापायी. मोठ्या लोकांनी खाली वाकून आपली घाण तुमच्या कानात ओतली. तुम्हाला नुसती एक पिशवी दाखवायचीय, तर एवढा तोरा?"

ऐद्रूने नजर छताकडे नेली.

"अबूट्टी मास्तरांनाही बोलावणार?"

"बोलावणार."

"मग ठीक. पण माफ करणार नाही."

"नका करू. बोलावते फक्त."

आणि तिने डाव मांडला. आजवर मी पुष्कळ सभा घेतल्यात, मोर्चे काढलेत. पण हे मला सुचलं नसतं, कबूल करते. दुसऱ्या दिवशी बापुट्टीचा भोंगा वाजत गेला तो प्रत्येक दारात एकच निरोप घेऊन. "ऐद्रूने सहा वर्षं विचार केला. आता उत्तर देणार आहे. तुम्ही शनिवारी दहाला या. एकटेच."

"कसलं उत्तर?" मोइदूच्या तोंडचं पाणी पळालं.

"मला काय माहीत! बांगडा देऊ?"

कुणाला दहा, कुणाला बारा, कुणाला दोन. साठांतली जड मनाची पंधरा माणसं तिने निवडली होती आणि प्रत्येकाला दोन-दोन तास. रविवार दुपारपर्यंत एकही कूस रिकामी नव्हती.

शनिवारी सकाळी ती निघाली आणि फाटकापासून परत आली. "चेच्ची, डाव्या कुशीवर असताना गुडघ्यांमध्ये उशी..."

"माहीत आहे."

पुन्हा निघाली, पुन्हा आली. "टाचेखाली काही टेकू द्यायचं नाही."

"रुखिया, बस गेली तर मी तुला मोपेडवर बर्फाच्या पेटीत बसवून पाठवीन."

गेली एकदाची.

दहाच्या ठोक्याला मोइदू आला. नवा सदरा घालून, जणू कोर्टात. खोलीत पाऊल टाकलं तेवढ्यात बापुट्टीने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

"आधी हे धर."

"मी बोलायला आलोय."

"बोल की. हात अडकलेत, तोंड मोकळं आहे. एक, दोन, तीन, वळव."

दोघांनी ऐद्रूला वळवलं. पाठ उघडी झाली आणि मोइदू बघत राहिला. आमच्या भागात सहा वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीला काय होतं, ते त्याने स्वतःच्या बापाच्या बाबतीत बघितलं होतं. ऐद्रूची पाठ लहान मुलासारखी. एक डाग नाही.

"ही... ही अशी कुणी ठेवली?"

"तुझ्या कुंपणापलीकडे राहते ना, तिने," मी म्हणाले. "मागच्या दाराने जाणाऱ्याला दिसली नसेल."

पावडरचा डबा मोइदूने स्वतःच उचलला.

भिंतीकडे तोंड करून ऐद्रूने विचारलं, "बकरी कशी झाली होती?"

"जरा तिखट."

"मग गेली वाया. जा, सोडली."

बाराला पात्तुट्टी आली, रडायच्या तयारीनेच. ऐद्रू म्हणाला, "मला कशाला विचारतेस? जिच्या गाण्यावरून नको म्हणालीस, ती तेच गायला गेलीय. ती आली की तिला विचार. तोपर्यंत पेज भरव." पात्तुट्टीने पेज भरवली, मग मोरीतली चादर धुतली, मग दुसरी धुतली. संध्याकाळपर्यंत घरात धुवायला काही उरलं नाही. शेवटी ती बापुट्टीच्या सदऱ्याकडे बघायला लागली तेव्हा तो अंगणात पळाला.

आणि दोनला अबूट्टी मास्तर. सत्त्याहत्तर वर्षांचे, हातात काठी, मनगटावर रेफ्रीचंच जुनं घड्याळ. दारातच म्हणाले, "ऐद्रू, जे बोलायचं ते बोल. मी ऐकून घेणार आहे."

"रेषा कुठे होती?"

"कुठली रेषा?"

"चुन्याची! रेषेपासून किती बाहेर?"

"वीतभर असेल."

"वीतभर? चार फूट!"

मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. ऐद्रूच्या छातीवर संत्री मांडून त्यांनी अख्खा सामना पुन्हा खेळला. काठी म्हणजे रेषा, औषधाची बाटली म्हणजे ऐद्रू. दोघं इतके ओरडत होते की चामिकुट्टी गुडघ्यासकट कुंपणावरून वाकून बघायला लागला. मी घड्याळाकडे बघत होते, पण गरज पडली नाही. चारला एक मिनिट असताना मास्तर स्वतःच म्हणाले, "वेळ झाली. बाजू बदला." सामना कितीही रंगो, रेफ्रीचं घड्याळ चुकत नाही. त्यांची पाळी चारला संपली होती. ते आठ वाजता उठले, तेही घरून नातू न्यायला आला म्हणून.

"माफ केलंस का?" जाताना विचारलं त्यांनी.

"नाही. उद्या या."

"येतो. त्या वेळचा लाइन्समन अजून जिवंत आहे, त्यालाही आणतो."

रात्री बापुट्टी थांबला आणि पाळीवाल्यांच्या जोडीला चामिकुट्टीनेही त्याला हात दिला. गुडघा रात्री दुखत नाही म्हणाला. रविवारी तर बोलावणं नसलेलेही आले. लिस्सी सिस्टर डोकावून गेल्या. त्यांना पाठीत, पायात काही सापडलं नाही. फक्त ऐद्रूचा घसा बसला होता.

रविवारी तीन वाजता रुखिया बसमधून उतरली. मेंदी लावलेले हात, डोईवर नवं चांदीच्या काठाचं कापड. ओसरीवर पाच माणसं बसली होती. ती सरळ आत गेली, ऐद्रूला कुशीवर करून पाठ बघितली, टाचा बघितल्या आणि मग पाणी प्याली.

"गायलीस का?" ऐद्रूने बसक्या आवाजात विचारलं.

ती गुडघ्यांमधली उशी सरळ करत राहिली.

"अगं, गायलीस का?"

"झोपले," ती म्हणाली.

"काय?"

"जेवण झालं. षहना म्हणाली, मूत्तम्मा, पाच मिनिटं पाठ टेक. मी टेकली. डोळे उघडले तेव्हा सकाळ, आणि नवरी नटूनथटून उभी. रात्री तिच्या भोवती चाळीस बायकांनी ओप्पना घातलं, भिंतीपलीकडे. टाळ्या, ढोल, सगळं. मला काही कळलं नाही! माझ्या बहिणीने दाराला बाहेरून कडी घातली होती, कुणी उठवू नये म्हणून. मी तिच्याशी बोलत नाहीये आता."

ओसरीवर कुणीतरी खुदकन हसलं. मग ऐद्रू हसला. घसा बसलेला, त्यामुळे नुसती हवाच बाहेर येत होती. मग आम्ही सगळेच.

"हसू नका!" रुखिया कडाडली. सहा वर्षांत ती बाहेरच्या कुणावर कडाडली नव्हती, गावाला माहीतच नव्हतं की तिला येतं. तिने कमरेवर हात ठेवले आणि ओसरीवरच्या पाचही जणांना एकेक करून बघून घेतलं. मास्तर, लाइन्समन, मोइदू, चामिकुट्टी, आणि ओल्या चादरीचा पिळा हातात धरलेली पात्तुट्टी.

"गाणं झालेलं नाही. म्हणजे मी गेले असं धरायचं नाही. बापुट्टी, पुढची तारीख सांगून ठेव सगळ्यांना. येत्या महिन्यातला दुसरा शनिवार. मी तिरूरला लग्नाला चाललेय."

"कुणाचं लग्न आहे, इत्ता?" बापुट्टीने विचारलं.

"अजून कळायचंय," रुखिया म्हणाली आणि आत जाऊन ऐद्रूची पिशवी रिकामी करायला लागली. "तिरूर मोठं गाव आहे. असेल कुणाचं तरी."